अठ्ठेचाळीसचा भाव

श्रीगोंद्याच्या शाळेत खेळ शिकवणारा अजिनाथ एकेकाळी जिल्ह्याकडून टेनिस खेळला होता. या खेळातलं आपल्याला कळतं, अशी त्याची खात्री होती.

त्याची आई रंगुबाई परवा मोरीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. नगरच्या दवाखान्यात चार वाजेपर्यंत एक लाख वीस हजार भरले, तरच उद्या ऑपरेशन. त्याच्याजवळ साठ होते. धाकटी बहीण पंकजा बाकीचे जमवायला गावात फिरत होती, पण सकाळपासून तिचा फोन नव्हता.

एक वाजता दवाखान्याच्या जिन्यात बसून त्याने साठच्या साठ हजार मोबाईलवरच्या एका अ‍ॅपमध्ये टाकले. दोन परदेशी मुलींची मॅच होती. त्यातल्या डावखुरीचा भाव अठ्ठेचाळीस. म्हणजे एक शेअर अठ्ठेचाळीस रुपयांना घ्यायचा. ती जिंकली तर त्याचे शंभर, हरली तर शून्य. उरलेले बावन्न कुणीतरी अनोळखी माणूस दुसरीवर लावतो. थोडक्यात, बाजाराला ती जिंकेल असं शंभरात अठ्ठेचाळीस वाटत होतं. अजिनाथला जास्त वाटत होतं. त्याने साडेबाराशे शेअर घेतले.

अंदाज बरोबर निघाला. पहिला सेट तिने घेतला. दुसऱ्यात ती चार-दोनने पुढे गेली आणि भाव ब्याऐंशीवर चढला. आत्ता विकले तर एक लाख अडीच हजार येत होते. पण लागत होते एक लाख वीस. दोनच गेम उरले होते. तो थांबला.

तेवढ्यात पंकजाचा फोन आला.

"दादा, वीस हजार भेटले. मावशीनं दिले. पुरतील का रं?"

"पुरतील. तू निघ," तो म्हणाला आणि त्याने घाईने अ‍ॅप उघडलं.

डावखुरी कोर्टावर बसली होती, मांडी धरून. भाव पंचावन्न दिसत होता. त्याने शेअर विकायला काढले, पण तो भाव आधीच्या सौद्याचा होता. त्या भावाने घेणारं आता कुणी नव्हतं. सगळ्यांनाच विकायचं होतं. चाळीसला कुणी घेईना. तीसला तीनशे गेले. बाकीचे साडेनऊशे तसेच राहिले. ती उठली, लंगडत दोन पॉइंट खेळली आणि नेटपाशी जाऊन तिने हात मिळवला. मॅच अर्धवट सोडली की हार, हा नियम त्याने वाचलेला होता.

हातात नऊ हजार उरले.

पंकजा आली तेव्हा तो जिन्यातच होता. त्याने सगळं सांगितलं.

"मला इचारायचं तरी हुतं," ती म्हणाली. "मी आणीतच हुते की."

चार वाजून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या गाडीत आडवं निजवून त्यांनी आईला पुण्याच्या सरकारी दवाखान्यात न्यायला घेतलं. तिथेही आठ दिवस थांबावं लागेल, असं फोनवर कळलं होतं.

"हितल्या डाक्टरला काय झालं?" रंगुबाईने विचारलं.

पंकजा आईच्या पायाखालची उशी सरळ करू लागली.

"आई, पैसे मी घालवले," अजिनाथ म्हणाला.

तिने डोळे मिटले. गाडी खड्ड्यातून गेली तशी ती कळवळली आणि तिने त्याचं मनगट घट्ट आवळलं. त्याने ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगितलं.