लेबलाखालचं लेबल

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. लोणच्याची नव्हे बरं! लोणच्याची असते तर जेवणाच्या वेळी तरी कुणी माझं झाकण उघडलं असतं. माझं झाकण मेण लावून बंद केलं, ते आजतागायत उघडलेलं नाही. कलकत्त्याच्या एका मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजीचं म्युझियम आहे. तिथल्या शेवटच्या कपाटात, मागच्या रांगेत मी असते.

माझा जन्म हावड्याच्या एका काचकारखान्यातला. अडुसष्ट साली मला इथं आणलं आणि माझ्यात फॉर्मॅलिन भरून माणसाच्या फुप्फुसाचा एक काप ठेवला. त्या कापात सुपारीएवढी गाठ आहे. डॉक्टर दिगंबर शेवडे यांनी स्वतःच्या हातानं माझ्यावर लेबल डकवलं. ‘ॲडिनोमा’, आणि खाली बारीक अक्षरात ‘निरुपद्रवी गाठ’.

शेवडे सर इथलेच, तीन पिढ्यांचे कलकत्तेकर. वर्गात इंग्रजी, व्हरांड्यात बंगाली. मराठी बोलायचे ते फक्त वृंदाशी. ती त्यांची विद्यार्थिनी, बँकेतल्या बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याची मुलगी, पुढे त्यांच्याच हाताखाली शिकवू लागली. माझी मराठी त्या दोघांकडून उचललेली आहे, तेव्हा चूकभूल पदरात घ्या.

तेव्हा काय माझा थाट होता! परीक्षेच्या दिवशी मला पुसून लख्ख करत आणि टेबलावर मांडत. लेबल कागदानं झाकत. घंटा वाजली की विद्यार्थी समोर येई, मिनिटभर निरखे, कागदावर नाव लिही, आणि पुन्हा घंटा. ‘ॲडिनोमा’ लिहिलं की पूर्ण गुण. सरांच्या पुस्तकात माझा फोटोही छापला होता. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. माझ्या कपाळी मात्र कौतुक आलं.

होय, खोटंच. ॲडिनोमा म्हणजे साधी गाठ, आपली जागा सोडून कुठं न जाणारी. माझ्या पोटातली गाठ तशी नाही. अशी गाठ माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं सावकाश वाढते आणि एक दिवस यकृतात जाऊन बसते. हा कर्करोगच आहे, फक्त चालीनं मंद. पूर्वीच्या कुणी तरी तिला चुकीचं नाव दिलं आणि पुढच्यांनी त्याची री ओढली. मला हे ठाऊक होतं, पण बरणी बोलणार कशी?

चौऱ्याहत्तर सालच्या एका दुपारी वृंदा आली. लोडशेडिंगमुळे पंखे बंद होते. तिचे डोळे सुजलेले होते. सर टेबलाशी पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीची मुद्रितं तपासत बसले होते.

“सर, श्रीकांतकाका गेले.”

श्रीकांतकाका तिचे सख्खे काका, बजबज गावच्या तेलाच्या डेपोत नोकरीला. चार वर्षांपूर्वी त्यांच्या खोकल्यातून रक्त पडलं होतं. दुर्बिणीची नळी घालून डॉक्टरांनी गाठ काढली आणि अहवालात लिहिलं, ॲडिनोमा.

“घरी सगळ्यांनी मला विचारलं. डॉक्टर मी एकटीच ना! मी म्हटलं, काका, निर्धास्त राहा, परत दाखवायलाही जायला नको. त्यांनी चाळभर संदेशाची मिठाई वाटली हो सर. आणि आता यकृत गाठींनी भरलेलं निघालं.” ती माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, “मी हिच्याकडून शिकले होते.”

मित्रांनो, तेव्हा मला फुटून जावंसं वाटलं.

“या गाठी पसरतात, हे तुम्ही वाचलंय ना, सर?”

“वाचलंय गं,” सर हळूच म्हणाले. “पण नाव रूढ आहे. परीक्षक तेच मागतात. मी दुसरं शिकवलं तर मुलं नापास होतील. त्यांचं नुकसान करू का?”

“आणि काकांचं झालं ते?”

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “छपाई सुरू झालीय. पुढच्या आवृत्तीत बघू.”

पाचवी आवृत्ती निघाली. कागद छान, बांधणी छान, शब्द तोच.

पुस्तक हाती आलं त्या दिवशी वृंदानं नवं लेबल लिहिलं आणि जुन्यावर डकवलं. ‘मंद वाढणारा कर्करोग. पसरतो. रुग्णाला दर वर्षी बोलवा.’ ते थोडं तिरकं बसलं. सरांनी पाहिलं, पण काढलं नाही. परीक्षा आली तेव्हा मात्र मला उचलणाऱ्या शिपायाला ते म्हणाले, “ही नको, मुलं गोंधळतील.”

झालं! नाव खरं झालं आणि मी मागच्या रांगेत गेले. खोटी होते तेव्हा मुलं माझ्याभोवती गर्दी करत. आता महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही. समोरच्या बरण्यांच्या पाठी बघत दिवस काढते. फार एकटं वाटतं हो. वृंदाची बदली उत्तर बंगालमधल्या इस्पितळात झाली. जाताना तिनं काचेवर हात ठेवला होता, तेवढाच शेवटचा स्पर्श.

नाही, आणखी एक झाला. निवृत्तीच्या दिवशी, गळ्यात हार असतानाच, सर एकटे आले. लेबल वाचत बराच वेळ उभे राहिले. त्याचा एक कोपरा सुटला होता, तो त्यांनी अंगठ्यानं दाबून धरला. “वृंदा, तेव्हाच बदलायला हवं होतं गं,” असं म्हणाले ते. ऐकायला मी एकटीच होते. पुस्तक अजून तसंच विकलं जातं.

आता एकोणऐंशी साल आहे. या दमट हवेत खळ टिकत नाही. कोपरा पुन्हा सुटलाय, आणि या खेपेला अर्धं लेबल लोंबतंय. मित्रांनो, तुमच्यातलं कुणी डॉक्टर व्हायला इथं आलं, तर मागच्या रांगेपर्यंत या. मला पुसलं नाहीत तरी चालेल. फक्त थोडी खळ घेऊन या आणि तेवढं लेबल नीट चिकटवा. खालचं जुनं लेबल अजून शाबूत आहे, आणि ते वाचून कुणी तरी आपल्या काकांना निर्धास्त राहा म्हणेल.