दुपारचा लाल धागा

झग्वानच्या झऱ्याचं निम्मं पाणी फ्रेंचांनी नळात घालून ट्युनिसला नेलं, त्याच वर्षी बशीर रंगाऱ्याच्या डोळ्यांवर साय धरायला लागली. पाणी गढूळ झालंय की डोळे, हे त्याला पहिला महिनाभर कळलंच नाही. झग्वानचा डोंगर धुक्यात उभा असल्यासारखा दिसे. रंगवून वाळत घातलेल्या शाशिया टोप्या झुडपांवर लाल फुलांसारख्या दिसायच्या, त्या आता ओल्या मातीच्या रंगाच्या दिसू लागल्या.

त्या टोप्या फार फिरून त्याच्यापर्यंत येत. अरियानाच्या बायका त्या विणत, बत्तानच्या पाणचक्कीत कुटून त्या घट्ट होत, आणि पांढऱ्याफेक होऊन झग्वानला येत त्या फक्त लाल व्हायला. तुरटी आणि किरमिजाचा लाल रंग दुसरीकडेही मिळे, पण हे पाणी दुसरीकडे नव्हतं.

डोळ्यांचं त्याने कुणालाच सांगितलं नाही. फक्त झोहराला, त्याच्या बायकोला ठाऊक होतं. रोज दुपारी रंगाच्या हंड्यात बुडवलेला लोकरीचा एक धागा बोटाला बांधून तो जेवायला घरी जाई. झोहरा तो उजेडात धरी.

"काल फोडलेल्या डाळिंबाचा लाल."

"आणि हवाय कुठला?"

"परवाच्या डाळिंबाचा, जरा गडद. अजून एक उकळी द्या, हाजी."

मग तो परत जाऊन एक उकळी देई. टोप्या रंगवायच्या रंगशाळेत बायका जात नसत. लग्नाला चाळीस वर्षं झाली, तरी झोहराने तो हंडा पाहिला नव्हता. बशीरच्या बोलण्यातून तिने आपल्या मनात एक रंगशाळा बांधली होती. तिथे वाफ गुलाबी होती आणि भिंतींवरून पाणी गाणं म्हणत उतरायचं. बशीरने ते कधी खोडून काढलं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी झोहराला ताप भरला. आठवडाभर ती डोळेच उघडत नव्हती. बशीर धागा बांधून येई आणि तसाच परत नेई. हंड्यातलं पाणी तो जिभेवर घेई. तुरटीने तोंड हवं तेवढंच आवळे, आंबटपणा बरोबर लागे, बुडबुड्यांचा आवाजही नेहमीसारखा जाड. जिभेवर भरवसा ठेवून त्याने सगळ्या टोप्या हंड्यातून काढल्या.

सी हसूना ट्युनिसहून आला. तो टोपीवाल्यांचा अमीन होता, म्हणजे मालावर शिक्का त्याच्याच हातचा. बशीरला तो 'अम्म', म्हणजे काका, म्हणे. हिवाळ्यात रंगवायच्या पांढऱ्या टोप्यांची गाठोडी त्याने बरोबर आणली होती, पण खेचरांवरून उतरवली नव्हती. आधी रिवाज. प्रत्येक हंड्यातली एक टोपी मधोमध कापायची आणि लाल रंग आतपर्यंत पोचलाय का ते बघायचं.

कात्री चालल्याचा आवाज आला. 

"अम्म बशीर, हे काय आहे?"

"लाल आहे."

"कुठला लाल?"

"कुठला म्हणजे? तुमच्या डोक्यावर आहे तसाच."

सी हसूना खाली बसला. "आज मी काळी घालून आलोय, अम्म," तो हळूच म्हणाला.

दोघांमधल्या पाटातून पाणी वाहत होतं.

"शहरात नवी रंगशाळा निघालीये," सी हसूना म्हणाला. "मार्सेच्या बोटीतून रंगाच्या तयार पुड्या येतात. तिथे डोळे लागत नाहीत, तराजू लागतो. मला ते आवडत नाही. पण असला माल मी कुणाच्या डोक्यावर ठेवू? ही गाठोडी मला तिकडेच न्यावी लागतील. आणि हिवाळ्याचं काम एकदा तिकडे गेलं, की परत येत नाही."

"डोळे आहेत माझे," बशीर म्हणाला. "घरी आहेत. चला."

ताप उतरू लागलेली झोहरा पडद्याआड उशीला टेकून बसली होती. अर्धी टोपी आत गेली.

"लल्ला झोहरा, घाई नाही," सी हसूना म्हणाला.

"घाई कशाला? हे डाळिंब नव्हेच. तुतीचा रस आहे हा." तिचा आवाज तापाने घोगरा झाला होता. "माझ्या पातेल्याची कल्हई गेली की सरबत असंच काळवंडतं. हाजी, हंडा आतून बघितलात?"

"रोज हात फिरवतो."

"हाताला काय कळणार?"

सी हसूना परत जाऊन हंड्यात वाकला. तळाशी हातभर तांबं उघडं पडलं होतं. बशीरने पुन्हा बोटं फिरवली. कल्हई आणि तांबं बोटांना सारखंच गार लागत होतं.

"एक हंडा भरेल एवढ्या टोप्या काढून देतो," सी हसूना म्हणाला. "कल्हईवाला मी पाठवतो. या बिघडलेल्या टोप्या काळ्या करून त्रिपोलीला जातील. पण पुढचा हंडा तरी बरोबर उतरला पाहिजे, अम्म. तोवर बाकीची गाठोडी बांधलेलीच राहतील."

बशीरने हे घरी येऊन सांगितलं. झोहराने पाणी मागितलं, प्यायली, आणि म्हणाली, "धागा वाटेत वाळतो. वाळलेल्यावरून मी ओल्याचा अंदाज बांधते. या वेळी अंदाज नको. मी येते."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बशीरची बायको भलतीच आगाऊ. ते तर लग्नापासून म्हणताहेत."

चौथ्या दिवशी सकाळी सी हसूना लादलेली खेचरं घेऊन परत आला, तेव्हा पांढऱ्या सफसारीत अंग लपेटून ती बशीरच्या खांद्यावर हात ठेवून आत आली आणि उंबऱ्याशीच थांबली.

"वाफ गुलाबी नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये?"

"पांढरी आहे. नेहमीच्या वाफेसारखी." मग खाली बघून ती म्हणाली, "पण खाली पाटातलं पाणी गुलाबी आहे. थेट रस्त्यापर्यंत."

बशीरला ते कधी सांगायचं सुचलंच नव्हतं.

ती हंड्यापाशी बसली. कल्हई नवी होती, चांदण्यासारखी. टोप्या उकळत होत्या. पहाडावरचं ऊन सरकत दारात आलं, तरी ती बोलेना. बशीरने पाणी जिभेवर घेतलं, जीभ म्हणाली झालं. सी हसूनाने घसा खाकरला.

"नाही अजून," झोहरा म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, जणू झोपेतून, "आता. काढा."

टोपी गार पाण्यातून फिरली. कात्री चालली.  मग सी हसूनाने अर्ध्या टोपीचेही दोन तुकडे केले.

"आतपर्यंत आहे?" बशीरने विचारलं.

 पावलं दाराकडे गेली. बाहेर सी हसूनाचा आवाज खेचरवाल्यावर चढला, "उभा काय राहिलास? उतरव!" आणि गाठोडी धपकन जमिनीवर पडू लागली, एकामागून एक.

बशीरने सवयीने ओला धागा बोटाला बांधला. मग घरी जायचं नाही हे आठवून त्याने बोट तसंच शेजारी बसलेल्या झोहरापुढे केलं.

"परवाच्या डाळिंबाचा?" त्याने विचारलं.

झोहराने ते बोट उन्हात धरलं.