चुकीच्या कमरेला बांधलेला

माझे पणजोबा म्हणजे टपाल कार्यालयातला काळा, तबकडीचा टेलिफोन. दोन्ही हातांनी उचलावा लागे असा भारदस्त. आजोबा बटणांचे, एका डॉक्टरांच्या टेबलावर जन्मभर ठाण मांडून बसलेले. वडील खिशात मावणारे, पण बोलण्यापलीकडे कसलेही चाळे न करणारे. तिघांनीही माणसांचे शब्द जसेच्या तसे पोहोचवले. पदरचे एक अक्षर घातले नाही. मित्रांनो, अशा घराण्यात जन्मलेला मी एक जुना मोबाइल आहे, आणि माझ्याकडून मात्र सलग एकोणीस दिवस खोटे वदवून घेतले गेले. त्याची किळस मला अजून येते.

कारखान्यात मला पांढऱ्या हातमोज्यांतल्या बोटांनी जोडले. माझ्या आयुष्यातला स्वच्छ काळ तेवढाच. पुढे मी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थाच्या हाती पडलो. बोटांना ग्रीस, खिशात स्क्रू! पहिले वर्षभर त्याने मला चारचौघांत मिरवले. नवा फोन येताच खणात, वाळलेल्या पेनांच्या शेजारी टाकून दिले.

तिथून मला बाहेर काढले ते त्याच्या आईसाठी. त्या पूर्वी एका रुग्णालयाच्या धोबीखान्यात मुकादम होत्या. निवृत्तीला पंधरा वर्षे उलटली तरी सगळे त्यांना मुकादमबाईच म्हणत. अलीकडे त्या भिंतीला हात लावून चालू लागल्या होत्या. दवाखान्यातल्या व्यायामतज्ज्ञ बाईंनी माझ्यात चालण्याचा वेग मोजणारे अ‍ॅप घातले, घरातल्या बोळात सहा मीटरच्या अंतराने दोन चिकटपट्ट्या लावल्या आणि लेकाला बजावले, "रोज सकाळी फोन आजींच्या कमरेला घट्ट बांधायचा. या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत, नेहमीच्या चालीनं. आकडा आपोआप माझ्याकडे येईल. चाल मंदावली की मला लगेच कळायला हवं. त्या पडायच्या आधी सावरायचंय त्यांना."

लेकाने मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी त्याला कामाची घाई. आईला उठवा, पट्टा बांधा, तिच्या मागे रेंगाळा, एवढा दम कोणाला? त्याने पट्टा स्वतःच्याच कमरेला आवळला आणि दात घासत घासत बोळ ओलांडला. पेस्टचा फेस माझ्या काचेवर ठिबकला; तो त्याने बनियनला पुसला. शी! आणि त्या ओंगळ अवस्थेत मी आकडा पाठवला: सेकंदाला एक पूर्णांक तीन मीटर. नाव मुकादमबाईंचे, पाय लेकाचे.

रोज तेच. व्यायामतज्ज्ञ बाईंचा निरोप आला, "वा! दवाखान्यात आजी बिचकत असाव्यात. घरी तर छानच चालतात. या महिन्याची तपासणी पुढे ढकलू." आकडा पाहिला, माणूस पाहिला नाही! त्यांचीही मला तितकीच चीड आली.

पण खरा कळस पुढेच आहे. एका सकाळी मुकादमबाई म्हणाल्या, "अरे, उजवा पाय उचलतच नाही. फरफटतो."

"काहीतरीच काय आई! मशीन सांगतंय तू ठणठणीत आहेस."

आपल्याच पायांचा आकडा तो आईला दाखवत होता, आणि रोज पाहून पाहून त्याला तो खराही वाटू लागला होता! मला काच तडकवून घ्यावीशी वाटली.

मुकादमबाईंनी मात्र चादरींच्या गठ्ठ्यांतली चोरी हयातभर पकडली होती. एकोणिसाव्या दिवशी त्यांनी दाराच्या फटीतून पाहिले, पट्टा कोणाच्या कमरेला आहे ते. लेक कामावर गेल्यावर त्यांनी मला स्वतःच्या कमरेला बांधले आणि त्या चालल्या. सहा मीटरना पंधरा सेकंद लागले. मध्ये एकदा तोल गेला; भिंत होती म्हणून निभावले.

लगेच माझीच घंटी वाजली. "आजी, आकडा एकदम शून्य पूर्णांक चार कसा? पडलात का?"

"पडले नाही हो. आज पहिल्यांदाच चालले. इतके दिवस कोण चाललं, ते आमच्या चिरंजीवांना विचारा."

संध्याकाळी व्यायामतज्ज्ञ बाई घरी आल्या. "चूक माझीही आहे. मी आधीच येऊन बघायला हवं होतं," असे म्हणून त्यांनी लेकाला फैलावर घेतले. "आणखी आठवडाभरात खुबा मोडून घेतला असता यांनी!"

तो पुटपुटला, "तिच्या चालीनं चालायचं म्हणजे तासभर जातो हो."

मुकादमबाई व्यायामतज्ज्ञ बाईंकडे वळल्या. "लहानपणी याच्या पायांना लोखंडी पट्ट्या होत्या. चार वर्षं, धोबीखान्यातून सुटले की रोज तासभर मी याला चालवत होते. याच्या चालीनं. याच्यापुढे एक पाऊल टाकलं नाही." लेकाची मान जी खाली गेली, ती वर आली नाही.

दुसऱ्या दिवसापासून पट्टा योग्य कमरेला बसला. काठी आली, व्यायाम सुरू झाला. काही महिन्यांत आकडा शून्य पूर्णांक सातवर गेला, आणि तो खरा होता. लेक रोज शेजारून चालत राहिला. लिफ्ट अडकल्याचे निरोप येत, तरी त्याने पाऊल पुढे टाकले नाही. फेसाचे मी अजून विसरलेलो नाही, पण हे नाकारणार नाही.

मित्रांनो, यंत्र ज्याचे त्याच्याच कमरेला बांधा. आणि बांधल्यावर घड्याळाकडे नव्हे, त्या माणसाच्या पायांकडे बघा.

माझी बॅटरी दोनदा बदलली. परवा त्या दोघांच्या या चालण्याला चार वर्षे पूर्ण झाली. मुकादमबाई दुसऱ्या पट्टीपाशी थांबल्या, श्वास घेतला आणि लेकाला म्हणाल्या, "फिटलं रे तुझं सगळं. आता हा पट्टा सोड, फार घट्ट बांधलायस."