रविवारची तांबडी रेघ

भिंगरीनं एकटीनं नॉर्वेला जायचं ठरवलं, तेव्हा तिच्या बापानं आधी आकांडतांडव केलं, मग दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी एक अट घातली. आत्यानं सगळं आखून दिलं तरच जायचं. आत्या म्हणजे त्याची थोरली बहीण. बस डेपोच्या वेळापत्रक विभागात तिनं एकतीस वर्षं काढली होती. तिच्या तावडीतून एक मिनिट निसटत नसे, तिथं पोरगी काय निसटणार, असा त्याचा अंदाज. डेपोत तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं.

भिंगरी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. लहानपणी ती पाच मिनिटं एका जागी टिकत नसे, तेव्हा पडलेलं नाव तेविसाव्या वर्षीही चिकटून होतं. दुकानाला सुट्टी गुरुवारी. म्हणून मार्चच्या तिसऱ्या गुरुवारी, संध्याकाळी पाचला, ती तोंड वाकडं करत आत्याच्या दोन खोल्यांचा जिना चढली.

"आत्या, सगळं फोनवर दिसतं गं हल्ली. बाबांना कोण समजावणार?"

"फोनवर दिसतं ना? मग दाखव."

भिंगरीनं दाखवलं. रेल्वे, मग बोट, मग बस. आत्यानं चष्मा लावला, डावीकडून उजवीकडे बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही बोट धक्क्याला लागते चार वाजून दहा मिनिटांनी. तुझी बस सुटते चार वाजून पाच मिनिटांनी. मधे पोहत जाणार आहेस का?"

भिंगरीनं जीभ चावली. मग खुर्ची ओढून नीट बसली.

आत्यानं कपाटातून आलेखाचा मोठा कागद काढला. निवृत्त होताना डेपोतून आणलेल्या गुंडाळीतला. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला गावं, आणि प्रत्येक वाहनाची एक तिरपी रेघ. बस तांबडी, बोट निळी, रेल्वे हिरवी. दोन रेघा जिथे भेटतात तिथे मधे किमान वीस मिनिटं मोकळी सोडायची. त्याला ती "श्वास" म्हणायची. "माणसाला धाप लागते, गाडीला लागत नाही," असं तिचं म्हणणं. त्या संध्याकाळी पहिले दोन दिवस आखून झाले आणि आठ कधी वाजले ते घड्याळबाईंना कळलं नाही. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग दर गुरुवार तसाच. भिंगरी यायची, चपला दारात कशाही भिरकावायची, आल्या आल्या पंखा वाढवायची. तिकडे जूनमध्ये सूर्य मावळतच नाही म्हणे. "मग दिवसाची शेवटची गाडी कुठली धरतात?" आत्यानं विचारलं, आणि भिंगरी इतकी हसली की तिला ठसका लागला. आत्यानं पाणी दिलं. आपण बोललेल्या वाक्यावर कुणी हसल्याला किती दिवस झाले, हे मोजायचा मोह तिनं टाळला. बाकीचे सहा दिवस त्या घरात बोलायचा तो फक्त रेडिओ. आत्या त्याला मधूनमधून उलट उत्तर द्यायची, तेवढंच.

सहाव्या गुरुवारी घोटाळा झाला. त्या दिवशी एकही चूक निघाली नाही. भिंगरीनं गावं सांगितली, आत्यानं रेघा ओढल्या, सगळं जिथल्या तिथं बसलं आणि साडेपाचला पोरगी उठली.

"आज लवकर सुटले! मैत्रिणीकडे जाऊन येते."

जिन्यावरचे पाय खाली जाईपर्यंत आत्या पेन्सिल हातात धरून उभी होती. पुढची सगळी संध्याकाळ रिकामी पडली होती आणि तिचं काय करायचं असतं, ते तिला आठवेना.

त्यानंतर घड्याळबाई सुधारल्या म्हणा किंवा बिघडल्या म्हणा. मधल्या दिवसांत त्या आराखडा घेऊन बसायच्या, चष्मा पुसून पुसून चुका हुडकायच्या आणि तीन सापडल्या तर गुरुवारी एकच सांगायच्या. उरलेल्या दोन पुढच्या आठवड्यांसाठी. अडीअडचणीला म्हणून बाई जशी डब्याच्या तळाशी काहीबाही राखून ठेवते, तशा त्या चुका राखून ठेवू लागल्या. भिंगरीला पत्ता नव्हता. ती म्हणायची, "आत्या, तू नसतीस तर मी पहिल्याच धक्क्यावर बसले असते रडत."

आठव्या गुरुवारच्या आधी आत्याला सगळ्यांत मोठी चूक सापडली. तिकडे पोहोचल्यापासूनचा आठवा दिवस, रविवार. उत्तरेकडच्या एका लहानशा गावातून भिंगरीला दुपारी दोनची बस धरून बोटीच्या धक्क्यावर जायचं होतं. वेळापत्रकात बस होती. पण रकान्याच्या खाली बारीक अक्षर होतं, आणि त्याची तळटीप पानाच्या पार शेवटी. ही गाडी रविवारी धावत नाही. वेळापत्रकातली सगळी पापं तळटिपेत दडलेली असतात, हे आत्या नव्या कारकुनांना पहिल्याच दिवशी सांगायची. तिनं ती टीप दोनदा वाचली. आणि गुरुवारी भिंगरीसमोर, पट्टी लावून, रविवारच्या रकान्यात तांबडी रेघ ओढली. न धावणाऱ्या गाडीची रेघ तिनं जन्मात पहिल्यांदा ओढली होती. हात जराही हलला नाही, याचंच तिला नंतर वाईट वाटलं.

ही चूक शेवटच्या गुरुवारसाठी होती.

पण अकराव्या गुरुवारी भिंगरीनं सगळ्या कागदाचे फोनवर फोटो काढले, आत्याला मिठी मारली आणि म्हणाली, "झालं बाई एकदाचं! पुढच्या गुरुवारी येणं नाही जमायचं हं. शनिवारी विमान, बॅग भरायचीय, मैत्रिणी येणारेत. पोहोचले की फोन करते."

आत्याच्या तोंडात तळटीप आली होती. ती गिळून तिनं "बरं" म्हटलं. मनाशी तिनं ठरवून टाकलं, बुधवारी फोन करायचा. सांगायचं, मोठी चूक निघालीय, फोनवर कळायची नाही, उद्या येऊन जा. मग येईलच. न येऊन सांगते कुणाला!

हुकमाचा पत्ता हातात ठेवून माणूस निवांत बसेल असं वाटतं, पण तसं होईना. शुक्रवारी तिनं संगणकावर तो थांबा शोधून पाहिला. रस्त्याच्या कडेला लाकडी बाक, वर पत्र्याचं छप्पर, समोर पाणी. घर एकही नाही. शनिवारी पुन्हा पाहिला. रविवारी दोन वाजता घरबसल्याच तिला तिथं भिंगरी बसलेली दिसली, बॅग मांडीवर घेऊन. सव्वादोन. अडीच. पोरगी उठून रस्त्यावर येते, वाकून पाहते, परत बसते. आणि अंधारसुद्धा पडत नाही तिकडे, की आता गाडी येणार नाही असं निदान कळावं.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका थांब्यावर जुना फलक तसाच राहून गेला होता. एक म्हातारे गृहस्थ बंद झालेल्या फेरीची वाट पाहत दिवसभर बसले. दुसऱ्या दिवशी ते डेपोत आले. तक्रार नाही, आरडाओरडा नाही. टोपी हातात धरून त्यांनी एवढंच विचारलं, "काल गाडी होती ना हो? की माझंच चुकलं?" चूक आत्याच्या टेबलावरची होती. तेव्हापासून तिच्या हातून एकही फलक चुकीचा गेला नव्हता.

बुधवारपर्यंत तिला धीर निघेना. मंगळवारी दुपारीच तिनं दुकानात फोन लावला.

"आत्या? बोल ना. गिऱ्हाईक आहे समोर."

"चूक निघालीय एक. उद्या नाहीतर परवा जरा येऊन..."

"फोनवर सांग ना गं पटकन."

आणि आत्यानं सांगून टाकलं. आठवा दिवस, दोनची बस, रविवारी धावत नाही. मागे कुणीतरी तक्त्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचत होतं, शेवटच्या ओळीला अडखळत होतं.

"एवढंच ना? मग मी शनिवारीच निघते आणि धक्क्याच्या गावी दोन रात्री राहते. थांब... हं, झालं बघ. बदललं."

जवळजवळ चार आठवडे जपलेली चूक अर्ध्या मिनिटात संपली.

"वाचवलंस आत्या. आज दिसलं तुला हे?"

आत्याला हो म्हणता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "आठव्या गुरुवारच्या आधीच दिसलं होतं."

पलीकडे अक्षरं वाचणारा माणूस थांबला होता.

"मग सांगितलं का नाहीस?"

"राहून गेलं."

घड्याळबाईंच्या हातून काहीतरी राहून गेलं, यावर डेपोतल्या पोऱ्यानंही विश्वास ठेवला नसता. भिंगरीचा आवाज खाली आला, लहानपणी ताप आला की यायचा तसा.

"आत्या, आणखी आहेत का चुका?"

आत्यानं चष्मा लावला.

"असतील तर सांग. परवा येते मी. बॅग काय, शुक्रवारीही भरता येईल. आहे का एखादी?"

आराखडा समोरच अंथरलेला होता. बारा दिवस, तीन रंग, प्रत्येक जोडणीत वीस मिनिटांचा श्वास. त्या एका रेघेशिवाय आत्यानं त्यात कुठे बोट ठेवायलाही जागा सोडली नव्हती. एकतीस वर्षांत इतकं चोख काम तिच्या हातून झालं नव्हतं, आणि ते चुकलंय असं म्हणायला तिची जीभ रेटेना.

"नाही," ती म्हणाली. "एकही नाही. दोनदा तपासलंय मी."

"नक्की?"

"नक्की."

"बरं मग," भिंगरी म्हणाली. आणि तरीही थोडा वेळ फोन तसाच धरून राहिली. "ठेवते."

आत्यानं खोडरबर घेतला आणि रविवारची तांबडी रेघ हलक्या हातानं खोडली. शनिवारी नवी ओढली. कागदावरचा चुरा तळव्यानं गोळा करून टोपलीत टाकला, पट्टी पुसली, पेन्सिली डब्यात भरल्या. मग काही उरलं नाही म्हणून खुर्चीत बसली, आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं की पोरगी चूक विचारतच नव्हती. चूक नाही, तशीच ये, एवढं म्हटलं असतं तरी ती आली असती.