राहिलेला ओवसा

मुलुंडला डॉक्टर मृणालिनींच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या रत्नप्रभाला सगळ्या बायका वचकून असत. डॉक्टरबाई मऊ बोलायच्या, ही फाडफाड. एकवीस वर्षं केसपेपर काढता काढता बायकांचे बहाणे तिला तोंडपाठ झाले होते. मुलाची दहावी आहे, नणंद येणार आहे, सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आहे. चौदा वर्षांच्या पोरीपासून सत्तरीच्या आजीपर्यंत प्रत्येकीचं दुखणं दुसऱ्या कुणाच्या तरी कार्यक्रमासाठी खोळंबलेलं. "दुखण्याला विचारलंत का, चालेल का त्याला?" असं ती ठणकावायची, आणि समोरची मुकाट्याने जवळची तारीख घ्यायची.

म्हणून तर त्या गुरुवारी प्रेमा गोंधळली. प्रेमा भांडुपची, घरगुती मोदकांच्या ऑर्डरी घेणारी. तिच्या छातीत गाठ लागली होती आणि डॉक्टरबाईंनी आतून बाहेर येऊन सांगितलं होतं की तपासणी याच आठवड्यात झाली पाहिजे. त्या आत वळताच प्रेमाने टेबलावर कोपर टेकलं.

"रत्नाताई, गणपती होऊन जाऊ दे ना. मग येतेच मी."

"बरं," रत्नप्रभा म्हणाली, आणि वहीची पानं उलटून पुढच्या महिन्यात नाव लिहायला लागली.

प्रेमा तशीच उभी. शिव्या खायची तयारी करून आलेली बाई, शिव्याच मिळेनात तर जाणार कशी? "आज ओरडली नाहीस ती?"

"घसा बसलाय."

प्रेमा गेली. रत्नप्रभाचा घसा ठणठणीत होता. बसलं होतं ते दुसरंच काहीतरी, आणि त्याला दहा दिवस झाले होते.

दोन वर्षांपूर्वी तिची पाळी गेली तेव्हा तिने मनातल्या मनात सत्यनारायण घातला होता. बायका पाळी गेली की हळहळतात. तिला वाटलं, सुटले. कारण तिच्या आयुष्यातला एक ओवसा राहिला होता.

लांज्याकडच्या तिच्या सासरी नव्या सुनेने गौरीपुढे ओवसा भरायचा असतो. सुपात फळं, भाज्या, नारळ, पानं मांडायची, सूप गौरीला ओवाळायचं आणि मग ते सासूच्या हातात द्यायचं. सासूने ते घेतलं की सून घरची झाली. पण पहिला ओवसा पूर्वा नक्षत्रात गौर आली तरच. लग्नाच्या वर्षी गौर पूर्वातच आली. ओवशाची पाच सुपं भरून तयार होती आणि सकाळी रत्नप्रभाला अडचण आली. सासूने, सोनूबाईने, एक शब्द न बोलता सुपं उचलून वर ठेवली आणि तिला मागच्या पडवीत बसवलं. आतून बायकांची गाणी ऐकू येत होती. बावीस वर्षांची ती, गुडघ्यात डोकं घालून रडली.

त्यानंतर जे सुरू झालं ते काही विचारू नका. कधी गौर पूर्वात नसे, कधी चंद्रप्रकाशला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, कामावरून रजा नसे, कधी भावकीत सुतक. आणि सगळं जुळून आलं की तिचं अंग आडवं यायचं. एका वर्षी तिसऱ्या महिन्यात पोट खाली झालं. एका वर्षी निलेशच्या वेळी सातवा महिना, गाडीचा प्रवास नको. एकदा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन गेली, तर त्याही ऐन दिवशी फसल्या. चाळिशीनंतर तर पाळीचा काही भरवसाच राहिला नाही. हळूहळू घरात तो विषय निघेनासा झाला. जावांची नि पुतण्यांच्या बायकांची सुपं मांडून द्यायला मात्र तिलाच बोलवायचे, कारण तिच्याइतकी सुरेख कुणाला जमत नसत. ती मांडायची आणि मागे सरकून उभी राहायची.

यंदा निलेशच्या बायकोचा, श्रुतिकाचा, पहिला ओवसा. गौर पूर्वात. चौऱ्याऐंशी वर्षांच्या सोनूबाईने स्वतःहून फोन केला होता. "तुझ्या सूनबाईचा भरताना तुझा पन भरू गो. दोघींचा संगती."

त्या रात्री रत्नप्रभाला झोप लागली नव्हती. एकतीस वर्षं जिने ओवशाचं तोंडाने कधी म्हटलं नाही, त्या बाईला लक्षात होतं.

आणि पंधरा दिवसांनी पातळाला डाग.

असा डाग म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पाळी बंद झाल्यावर परत अंगावर गेलं तर त्याच दिवशी दाखवायचं, हे तिनेच शेकडो जणींना टेबलावर हात आपटून सांगितलेलं. तरी ती उठली आणि घाटकोपरला गेली, कारण दवाखान्याखालचा केमिस्ट तिला ओळखत होता. तिथल्या अनोळखी दुकानात तिने पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागितल्या.

"कोणासाठी?" दुकानदाराने सहज विचारलं.

"सुनेसाठी."

त्रेपन्नाव्या वर्षी पाळीच्या गोळ्या. चार दिवस थांबलं, तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. तिने गोळ्या वाढवल्या. एवढी गौर होऊन जाऊ दे, मग पोटात काहीही निघो, असं ती रोज स्वतःला समजावत होती. तिला ते सूप हवं होतं. पोरासोरांसारखं, हट्टाने, बाकी काही न बघता हवं होतं.

समोरच्या वहीत प्रेमाचं नाव पुढच्या महिन्याच्या पानावर वाळत होतं. अक्षर तिचंच होतं. अशा गाठीची बाई महिनाभर थांबली तर काय होतं, तेही तिने या टेबलावरून पाहिलं होतं. ती उठली, जिना उतरली आणि रिक्षाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रेमाचा दंड धरला.

"चल वर. उद्याची तारीख देते."

"अगं पण मोदक..."

"तुझ्या पोरीला वळू दे. वाकडे झाले तरी गणपती काय परत पाठवतोय? आणि तुला काही झालं तर पुढच्या वर्षी कोण वळणार आहे? चल म्हणते ना."

प्रेमा हसली, डोळे पुसले आणि मागोमाग आली. तिची तारीख लिहून झाल्यावर रत्नप्रभाने एक कोरा केसपेपर ओढला. नाव रत्नप्रभा चंद्रप्रकाश मांडवकर, वय त्रेपन्न. तक्रारीच्या रकान्यात तिने खरं ते लिहिलं, गोळ्यांसकट, आणि कागद गठ्ठ्याच्या तळाशी सारला.

शेवटच्या पेशंटचं नाव वाचून डॉक्टर मृणालिनी स्वतः दारात आल्या. सोनोग्राफी करताना त्या एकदाच बोलल्या, "दहा दिवस तू माझ्यापासून वीस पावलांवर बसून होतीस, रत्ना." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

पिशवीचं अस्तर जाड दिसत होतं. सोमवारी क्युरेटिंग करून तुकडा तपासायला पाठवायचा. कदाचित काही नसेल, कदाचित पिशवी काढावी लागेल. गोळ्या बंद. रिपोर्ट येईपर्यंत गावी जायचं नाही.

"पुढच्या वर्षी जा," डॉक्टर म्हणाल्या.

पुढच्या वर्षी गौर पूर्वात नव्हती. रत्नप्रभाने पंचांग कधीच बघून ठेवलं होतं. ती बाहेर आली, दवाखान्याच्या मागच्या जिन्यात बसली आणि आधी गावी फोन लावला. नवऱ्याला नंतर सांगता येणार होतं.

सोनूबाईने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा कोंबड्यांना हाकललं.

"मग दवाखान्यात ऱ्हा," ती म्हणाली. "गौर काय पळून चाललीय?"

"आई, आता पूर्वात यायला दोन वर्षं आहेत."

"येतील नि जातील. तवर तुला जगाय नको?"

"मी जगेन हो. पण तुम्ही..."

रत्नप्रभाने जीभ चावली.

"माझा काय," सोनूबाई सावकाश म्हणाली. "दोन वर्सांनी मी असन नायतर नसन. माझी जाऊबाई हाय, ती घेल सूप."

"मला त्यांच्या हातात द्यायचं नाहीये." एवढ्या वर्षांत सासूशी ती अशी कधी बोलली नव्हती. आता ती थांबली नाही. "मला तुमच्याच हातात द्यायचं होतं, आई. पडवीत बसवलंत ना, तेव्हापासून."

"म्हायत हाय मला," सोनूबाई म्हणाली. "मी पन हात पुढं करूनच हाय, गो."

फोन कुणीच ठेवला नाही.