कल्पनाकाकूंचा शब्द

फ्रीगंजमधल्या कल्पनाकाकूंना लांबलचक इंग्रजी शब्दांचा भारी शौक. शब्दांच्या खेळात त्यांना हरवणं मुश्किलच. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. साधं ‘पाणी’ म्हणता येईना.

त्यांचे यजमान श्रीधरकाका, त्यांचं इंग्रजी जेमतेम. तरी ते रोज काकूंसमोर बसून त्यांचे आवडते शब्द अर्थासकट वाचायचे. काकू नुसत्या बघत राहायच्या. असे कित्येक महिने गेले, पण काकांनी नेम मोडला नाही.

एका चतुर्थीला वाचता वाचता उपाशी काकांचं पोट जोरात वाजलं. काकूंना हसू फुटलं. त्यांचे ओठ धडपडले.

“बॉर... बो... रिग्मस.”

“म्हणजे काय गं?” काकांनी मुद्दाम विचारलं.

“पोटातली... गुडगुड.”

काका अनवाणीच शेजाऱ्यांकडे धावले. “अरे सुनो, आमची कल्पना बोलली!”