डावा क्लच

चिरगावजवळ शेत सपाट करताना बुलडोझर डावीकडे ओढू लागला. रिकामा असला की सरळ चाले. पात्यापुढे माती साठली की तोंड फिरवी. फौजेच्या लिलावातून तो जुना बुलडोझर शिवाजी आणि जयसिंगने भागीत घेतला होता. दोघे साताऱ्याकडचे, एकाच पलटणीतून निवृत्त होऊन झाशीतल्या नगरा वस्तीत स्थिरावलेले. जयसिंग चालवायचा, शिवाजी दुरुस्ती बघायचा.

"मेन क्लच गेला असणार," जयसिंग म्हणाला.

"तो गेला असता तर दोन्ही बाजू ढिल्या पडल्या असत्या. पातं बांधाला टेकव आणि पहिल्या गिअरमध्ये रेट."

उजवा साखळीपट्टा माती उकरत राहिला, डावा जागचा हलेना. शिवाजीने डाव्या बाजूच्या गिअरचं तेल काढून बोटांवर चोळलं. लोखंडाचा कण लागला नाही, म्हणजे दाते शाबूत होते. राहिला त्या पट्ट्याला ताकद देणारा क्लच. तेलाने घसरत असेल म्हणून तो रॉकेलने धुतला, तरी फरक पडेना. मग सीट काढून तो उघडला.

प्लेटा झिजून पार पातळ झाल्या होत्या. शंका आली म्हणून शिवाजीने उजवा क्लचही उघडला. तो जवळजवळ नवा होता. दोन्ही त्याने एकदमच बसवले होते.

"ज्या बाजूला वळावं तो क्लच झिजतो," तो म्हणाला. "तू उजवीकडे वळतच नाहीस का?"

जयसिंगने हात पुसले. "उजव्या डोळ्यापुढं धुकं असतं. दिवाळीपासून. त्या बाजूला कोण आहे कळत नाही, म्हणून डावीकडूनच फेरा घेतो. कुणाला लागू नये म्हणून."

शिवाजीला परवा बांधावर बसलेल्या शेतकऱ्याच्या मुली आठवल्या. त्या कोणत्या बाजूला होत्या, ते काही केल्या आठवेना.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर मशीन उभं राहिलं असतं."

"राहू दे उभं," शिवाजी म्हणाला. त्याला रागवायचं होतं, पण आवाज चढला नाही.

छावणीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली औषधाने टिकेल, म्हणाले. घरी जयसिंगने बायकोला, हौसाबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उजवीकडं ठेवलेला तांब्या तुम्ही चाचपत होता. तुम्ही सांगाल म्हणून गप्प राहिले."

नव्या प्लेटा बसवल्यावर शिवाजी कित्येक वर्षांनी स्वतः सीटवर बसला. जयसिंग पुढे, चांगल्या अंतरावर उभा राहून हाताने खुणा करू लागला. पहिल्याच फेऱ्यात माती वाकडी लोटली गेली.

"भैया, ये तो टेढ़ा हो गया," शेतकरी म्हणाला.

"हो जाएगा सीधा," जयसिंगने सांगितलं, आणि शिवाजीला मशीन मागे घेण्याची खूण केली.